सोलापुरात आयटीआय निवडताना: पालक आणि पोरं नेहमी विचारतात ते प्रश्न

मी स्वतः आयटीआय टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे, तीन लेथ, एक ड्रिलिंग, एक वेल्डिंग सेट. दहावीचा रिझल्ट लागला की ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले फोन करतात, शॉपवर येऊन बसतात, चहा होतो आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. माझं म्हणणं एकच आहे, ते सगळ्या उत्तरांत परत परत दिसेल: पोराच्या हाताला मशीन किती तास मिळणार हे बघून संस्था निवडा, बाकी सगळं त्यानंतर.

मार्क कमी पडले म्हणून आयटीआयला टाकावं का?

हा प्रश्न असाच येतो, "टाकावं का". मला त्याचं वाईट वाटतं. अहो मार्क कमी म्हणून टाकलेलं पोरगं पहिल्या दिवसापासून मान खाली घालून बसतं आणि शेजारी जो आवडीनं आलेला असतो तो पुढं निघून जातो. आणि दुसरं म्हणजे इथं गणित लागत नाही हा गैरसमज आहे. लेथवर टेपर (एका टोकाकडं निमुळता होणारा आकार) काढायचा तर मोठा व्यास वजा छोटा व्यास, भागिले लांबीची दुप्पट, ते झालं टॅन, त्यावरून कोन काढून कंपाऊंड स्लाईड फिरवायची. व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटर वाचायचं, मायक्रोमीटरवर ०.०१. दहावीत त्रिकोणमितीला कंटाळलेली पोरं इथं जॉब (म्हणजे मशीनवर बनवायचा तुकडा) हातात आल्यावर तेच गणित चटकन शिकतात हे मी कितीदा बघितलंय, कारण उत्तर चुकलं की जॉब रिजेक्ट होतो आणि ते डोळ्यासमोर दिसतं. तेव्हा मार्क ७० असू दे नाहीतर ४५, पोराला हातानं काहीतरी करायला आवडतं का एवढं बघा. घरातला मिक्सर उघडून बसणारं, सायकलची चेन स्वतः बसवणारं पोरगं असेल तर विचार करा. आणि त्यालाच विचारा आधी.

आधी ट्रेड (म्हणजे शिकायचं काम) ठरवायचा की आधी संस्था?

आधी ट्रेड. लोक उलटं करतात, "विजापूर रोडच्या सरकारी आयटीआयला नंबर लागला, जो मिळाला तो ट्रेड घेतला". दोन वर्षं जातात आणि मग पोरगं म्हणतं मला हे करायचंच नव्हतं.

ट्रेड ठरवायचा कसा, तर नातेवाईकात, शेजारी कुणीतरी वेल्डर असेल, कुणी एसी रिपेअरवाला असेल, कुणाचं गॅरेज असेल, त्यांच्याकडं सुट्टीत आठ-दहा दिवस पाठवा. फुकट पाठवा, नुसतं उभं राहू दे, पाना दे म्हटलं की पाना देऊ दे. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमधे वेल्डिंगचा मास्क लावून उभं राहिल्यावर कळतं हे आपल्याला जमणार आहे की नाही. सकाळी गेलेलं पोरगं संध्याकाळी घरी येऊन तिथल्याच गोष्टी सांगत बसलं तर समजा जमलं. गप्प होऊन मोबाईल घेऊन झोपलं तर दुसरा ट्रेड दाखवा.

सोलापुरात कुठल्या ट्रेडला खरंच काम आहे?

इथं जरा सविस्तर सांगतो कारण याचं उत्तर पुणे-मुंबईच्या माहितीवरून मिळत नाही, आपलं गाव वेगळं आहे.

आमचे वडील मिलमधे जॉबर होते, म्हणजे लूम (माग) सांभाळणारे, दुरुस्त करणारे. १८७७ ची जुनी मिल, मग बाकीच्या, भोंगा वाजला की सगळी गल्ली निघायची म्हणतात. त्या गेल्या, धुराड्याच्या चिमण्या काही राहिल्या काही पडल्या, पण कापडाचं काम गेलं नाही, ते पूर्व भागात पॉवरलूमवर आलं, चादर आणि टॉवेल. आता साध्या शटल लूमच्या जागी रेपियर लूम येतायत, त्यात इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतात, सेन्सर असतात, बंद पडलं की जुना जॉबर हातोडी घेऊन दुरुस्त करू शकत नाही. तिथं इलेक्ट्रिशियन नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक लागतो. असं पोरगं ज्याला लूमची भाषा कळते (घरात लूम असलेल्या पोरांना ती जन्मापासून येते) आणि वर कंट्रोल पॅनल वाचता येतं, त्याला कारखानदार घरून न्यायला येतात. युनिफॉर्म आणि गारमेंटचं कामही मोठं आहे, तिथं सुईंग टेक्नॉलॉजी, आणि शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिळत नाही म्हणून मालक ओरडत असतात.

चिंचोळी एमआयडीसीकडं ऑटो पार्टचं काम आहे, कॅमशाफ्ट बनवणारी मोठी कंपनी आपल्या सोलापूरचीच आहे, फाउंड्री आहेत. तिथं मशिनिस्ट, टर्नर, फिटर, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर लागतात. होटगीला सिमेंट, फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प, तिथं कायम नोकरी एकदम मिळेल असं नाही, पण कॉन्ट्रॅक्टरकडं मेंटेनन्सला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लागतात.

आणि साखर कारखाने. जिल्हाभर आहेत. गाळप सुरू असतं तेव्हा शिफ्टला माणूस लागतो, आणि हंगाम संपला की उन्हाळा-पावसाळ्यात सगळी मशिनरी उघडून ओव्हरहॉलिंग चालतं, तेव्हा फिटर आणि वेल्डरला खरी मागणी असते. फक्त हंगामी पैसा आहे हे घरात आधी सांगून ठेवा, म्हणजे पुढं भांडणं होत नाहीत.

एसी-फ्रिजचा ट्रेड, सोलार, मोटरसायकल आणि ट्रॅक्टर मेकॅनिक यांना तर आपल्या उन्हामुळं आणि शेतीमुळं मरण नाही. स्वतःचा धंदा काढायचा असेल तर माझ्या मते एसी-फ्रिजसारखा ट्रेड नाही, भांडवल कमी लागतं आणि मार्च ते जून फोन थांबत नाही.

इलेक्ट्रिशियन घ्यावा की वायरमन?

दोन्ही दोन वर्षांचे. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, वायरमन दहावी नापासालाही मिळू शकतो. वायरमनमधे वायरिंग, पॅनल, लाईनवर भर, इलेक्ट्रिशियनमधे त्यासोबत मोटर, ट्रान्सफॉर्मर, कंट्रोल असं जास्त आहे. कंपनीत जायचं असेल तर इलेक्ट्रिशियन. मिळत नसेल तर वायरमनला नाक मुरडू नका, महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत दोन्ही ट्रेड चालतात. फक्त तिथं बारावीसुद्धा मागतात, हे फार लोकांना शेवटच्या क्षणी कळतं, त्याचं उत्तर खाली दिलंय.

एका वर्षाचा कोर्स लवकर होतो, तोच करावा का?

वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड), प्लंबर, ट्रॅक्टर मेकॅनिक हे एका वर्षाचे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, मोटर व्हेईकल मेकॅनिक, एसी-फ्रिज हे दोन वर्षांचे. घरची गरज तातडीची असेल तर एका वर्षाचा वेल्डर करून पोरगं कमवायला लागतं, त्यात काही कमीपणा नाही, चांगला टिग वेल्डर माझ्यापेक्षा जास्त कमावतो. पण रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत ट्रेडची यादी असते, तिच्यात फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक असे ट्रेड येतात, वेल्डर आणि कोपा येत नाहीत. डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जायचं तरी दोन वर्षांचा ट्रेड लागतो. कोपाबद्दल एक बोलतो, कॉम्प्युटर म्हणून सगळे तिकडं पळतात, पण त्यावर नोकरी मिळवायला टायपिंग, टॅली असं बरंच वरून शिकावं लागतं. नुसतं कोपा करून घरी बसलेली पोरं मला माहिती आहेत.

सरकारी चांगलं की खाजगी?

सरकारी मिळालं तर सरकारी, डोळे झाकून नाही पण पहिली पसंती तीच. फी अगदी नाममात्र, मशिनरी बऱ्यापैकी, इन्स्ट्रक्टर रीतसर भरती झालेले. शहरात विजापूर रोडला आहे आणि पंढरपूर, बार्शी अशा तालुक्याच्या ठिकाणीही सरकारी आयटीआय आहेत, शहरात पाहिजे तो ट्रेड नाही मिळाला तर तालुक्याचा बघा, रोजची एसटी पासवर होते.

पण सरकारीतही एखाद्या ट्रेडला इन्स्ट्रक्टरची जागा रिकामी असते आणि दुसऱ्या ट्रेडचे सर दोन वर्ग सांभाळतात. अशा वेळी शेजारच्या खाजगीत त्याच ट्रेडला चांगले सर असतील तर मी पोराला खाजगीत घालीन. म्हणजे पाटी बघायची नाही, ट्रेडचा वर्कशॉप बघायचा. खाजगीही सगळे वाईट नाहीत, काही संस्थाचालक मनापासून चालवतात, कंपन्यांशी त्यांचे संबंध सरकारीपेक्षा चांगले असतात. आणि काही ठिकाणी एका हॉलमधे दोन ट्रेडची मशीन प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेली असतात, ती फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी उघडतात.

एनसीव्हीटी, एससीव्हीटी हे काय असतं? मान्यता कशी तपासायची?

इथं नीट वाचा. देशभर आयटीआयचं शिक्षण शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतं, ती १९५० पासून आहे. केंद्राचं डीजीटी म्हणजे प्रशिक्षण महासंचालनालय अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवतं, महाराष्ट्रात संस्था बघतं ते डीव्हीईटी, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. एनसीव्हीटीवाल्या, म्हणजे राष्ट्रीय पातळीची मान्यता असलेल्या ट्रेडची अखिल भारतीय परीक्षा पास झाली की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, लोक त्याला एनटीसी म्हणतात, ते देशात कुठंही चालतं. एससीव्हीटी म्हणजे राज्याची मान्यता, ती खोटी नाही, पण केंद्राच्या भरतीत काही ठिकाणी अडतं, म्हणून दोन्ही पर्याय असतील तर एनसीव्हीटी घ्या.

मान्यता संस्थेला असते तशी ट्रेडला असते, तुकडीलाही असते. संस्था मान्यताप्राप्त आहे पण तुम्ही घेतलेला ट्रेड मान्यताप्राप्त नाही असं होऊ शकतं! एका तुकडीत फिटर, इलेक्ट्रिशियनला २० पोरं असतात. संस्थेत ४० पोरं बसलेली दिसली आणि मान्य तुकडी एकच असेल तर उरलेली २० पोरं परीक्षेला कशी बसणार ते विचारा.

हे एवढं तळमळीनं लिहितोय कारण माझ्या भाच्याचं वर्ष गेलं. ताईनं ओळखीच्या माणसाच्या शब्दावर एका ठिकाणी पैसे भरले, भरपूर भरले, "आयटीआय समकक्ष" असं बोर्डवर लिहिलेलं होतं, दिल्लीच्या कुठल्यातरी कौन्सिलचं नाव, अशोकस्तंभासारखा दिसणारा शिक्का. सर्टिफिकेट आलं, सुंदर छापलेलं. अप्रेंटिसच्या (कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीच्या) पोर्टलवर भरायला गेलो तर ट्रेड सर्टिफिकेटचा नंबरच कुठं जुळेना. परत पहिल्यापासून सगळं केलं. पोरगं तेव्हा आठ दिवस नीट जेवलं नाही. "समकक्ष" हा शब्द दिसला की तिथून उठून या.

तपासायचं सोपं आहे. डीव्हीईटीच्या ॲडमिशनच्या वेबसाईटवर संस्थांची यादी असते, त्यात संस्थेचं नाव, ट्रेड, जागा सगळं असतं. यादीत नाही तर तो आयटीआय नाही. संस्थेला कोड असतो तो मागा. आणि मागच्या वर्षी पास झालेल्या एखाद्या पोराला त्याचं सर्टिफिकेट डिजीलॉकरमधे उघडून दाखवायला सांगा, खरं असेल तर दोन मिनिटात दिसतं.

संस्था बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

पहिली गोष्ट, ऑफिसात बसून माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. वर्कशॉप दाखवा म्हणा. कामाच्या दिवशी, अकरा ते एकच्या दरम्यान जा, प्रॅक्टिकल चालू असायला पाहिजे. "आज मेंटेनन्स आहे, नंतर या" म्हणाले तर नंतर जा, न सांगता जा.

लेथखालच्या ट्रेमधे बघा. लोखंडाचा ताजा कीस पडलेला असेल, कूलंटचा वास येत असेल, तर मशीन चालतंय. ट्रे चकाचक आणि बेडवर गंजाचा तांबूस थर असेल तर मशीन शोभेचं आहे. किती लेथ आहेत त्यापेक्षा किती चालू आहेत ते मोजा, चक की (लेथवर जॉब घट्ट पकडायची किल्ली) जागेवर आहे का बघा, नसेल तर ते मशीन चालत नाही हे मी तुम्हाला लिहून देतो. वेल्डिंगला गेलात तर बूथमधे जळालेल्या रॉडचे तुकडे शोधा, आणि कुणा पोराला हळूच विचारा आठवड्याला किती रॉड मिळतात. वेल्डरचा हात रॉड जाळूनच बसतो, फळ्यावर आकृती काढून नाही बसत. इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमधे पॅनल बोर्डवर पोरांनी स्वतः वायरिंग केलेलं दिसतं का, मोटर उघडून ठेवलेली आहे का, अर्थिंग आहे का. एसीच्या ट्रेडला गॅस चार्जिंगचा सिलिंडर आणि व्हॅक्यूम पंप वापरात आहे का.

पोरांनी केलेले जॉब आणि त्यांची जर्नल मागा. फिटरचे पहिले काही महिने फाईल (कानस) मारण्यातच जातात, हाताला फोड येतात, ते तसंच असतं आणि तसंच पाहिजे. जॉब बघा, कडा काटकोनात आहेत का, त्यावर नंबर पंच केलेला आहे का. सगळ्या जर्नलमधे एकच अक्षर असेल तर समजून जा.

सरांशी बोला. "सर, तुम्ही स्वतः कुठल्या ट्रेडचे?" एवढं विचारा. टर्नरला टर्नरच शिकवतोय का हे कळतं. त्यांनी क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचा एक वर्षाचा कोर्स केलेला असेल तर उत्तम. आणि सर तुमच्याशी बोलता बोलता मधेच वळून एखाद्या पोराला ओरडले, "अरे गॉगल कुठाय", तर तिथं घाला पोराला. सेफ्टीवर ओरडणारा माणूस मनापासून शिकवतो, माझा तरी अनुभव आहे.

डीजीटीचं रेटिंगही ऑनलाईन असतं, ते बघा, पण त्याच्यावरच थांबू नका. आणि संडास बघा, विशेषतः मुलगी असेल तर.

मुलींसाठी कुठला ट्रेड?

सगळे. खरंच सगळे. सुईंग, ड्रेस मेकिंग, कोपा एवढंच सांगणारे लोक अजून आहेत, पण इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट यांत मुली चांगल्या करतात, सीएनसीवर तर मापात त्यांचा हात पोरांपेक्षा नीट चालतो असं मी दोन मुलींना कामावर ठेवून बघितलंय. जागाही राखीव असतात त्यामुळं नंबर लागायला सोपं जातं. घरच्यांची काळजी खरी असते, येण्याजाण्याची, शिफ्टची. त्याला उपाय म्हणजे संस्था निवडताना बसच्या वेळा बघा, आसरा किंवा एसटी स्टँडवरून सरळ बस आहे का, आणि त्या ट्रेडला वर्गात अजून किती मुली आहेत ते विचारा. दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून एकच ट्रेड घेतला तर फार फरक पडतो. शिवणकाम आधीपासून करणाऱ्या बायांसाठी २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना आहे, त्यात शिंपी काम येतं, थोडे दिवस ट्रेनिंग आणि टूलकिटसाठी १५ हजारापर्यंत मदत, तो आयटीआय नाही पण उपयोगाचा आहे.

फी किती? स्कॉलरशिप मिळते का?

सरकारीत नाममात्र. खाजगीत ट्रेडप्रमाणं ठरवून दिलेली फी असते, ती वेबसाईटवर असते, त्याच्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागा. पावती देत नाहीत तिथं पैसे देऊ नका, "डेव्हलपमेंट", "टूलकिट", "परीक्षा पास करून देण्याचे" असली नावं निघतात. प्रॅक्टिकल पास करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या ठिकाणी पोरगं काही शिकणार नाही हे उघड आहे. फी प्रतिपूर्ती आणि स्कॉलरशिप महाडीबीटीवरून भरायची, उत्पन्नाचा दाखला लागतो. सरकारीत विद्यावेतन वर्षानुवर्षं महिना ४० रुपये होतं, ते २०२३ मधे ५०० करायचा निर्णय झाला.

ॲडमिशन कसं होतं? फॉर्ममधे पसंती कशी भरायची?

सगळं ऑनलाईन, सरकारी आणि खाजगी दोन्हीचं. नोंदणी करायची, फी भरायची, जवळच्या आयटीआयला जाऊन कागदपत्रं तपासून घ्यायची, मग पसंतीक्रम भरायचा, मग दहावीच्या मार्कावर मेरिट आणि फेऱ्या. शेवटी समुपदेशनाची फेरी होते, तिथं राहिलेल्या जागा मिळतात.

सगळ्यात जास्त गोंधळ पसंतीक्रमात. पहिली पसंती लागली तर ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता. म्हणून पहिल्या नंबरला तेच लिहा जे मनापासून पाहिजे. नेट कॅफेवाला पटापट भरून देतो, त्याच्या हातात सोडू नका, घरी कागदावर आधी लिहून न्या: ट्रेड अमुक, संस्था तमुक, मग तोच ट्रेड दुसरी संस्था. खाली भरायला म्हणून नको असलेला ट्रेड घालू नका, तोच लागतो.

हजेरी नाही लागली तरी चालतं म्हणतात?

परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. "फक्त परीक्षेला या, हजेरी आम्ही बघतो" असं सांगणारी जागा सोडा. प्रॅक्टिकलला पास व्हायला ६० टक्के लागतात, थिअरीला ३३, थिअरी कॉम्प्युटरवर असते. वर्षाला १२०० तासांचं शिक्षण धरलंय, त्यातले ८४० नुसत्या प्रॅक्टिकलचे, शिवाय कंपनीत जाऊन करायचे १५० तास वेगळे. हे ८४० तास ज्यानं मशीनसमोर काढले तो माझ्याकडं आला की मला पहिल्या दिवशी कळतं. नाही काढले तर तेही कळतं, चकमधे जॉब पकडतानाच.

शंभर टक्के प्लेसमेंट खरी असते का?

एकच प्रश्न विचारा: मागच्या बॅचच्या पाच पोरांचे फोन नंबर द्या. देतील त्यांना फोन लावा. विचारा कंपनी कुठली, पगार हातात किती पडतो, कायम की कॉन्ट्रॅक्टरकडं, आणि तू शिकलेलं काम करतोस का नुसते खोके उचलतोस. मग जे उत्तर येईल ते धरा. अशा जाहिरातीतल्या कंपन्या बऱ्याचदा कॅम्पसला एकदा येऊन गेलेल्या असतात एवढंच.

अप्रेंटिस करणं गरजेचं आहे का?

सक्ती नाही, पण करा, करा, करा. १९६१ च्या कायद्याखाली कंपन्यांना अप्रेंटिस घ्यावे लागतात, साधारण वर्षभर, स्टायपेंड मिळतो, शेवटी परीक्षा देऊन अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय सर्टिफिकेट. आपल्या जवळ रेल्वे आहे, मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग आणि कुर्डुवाडीचं वर्कशॉप, तिथं अप्रेंटिस भरती निघते. परीक्षा नसते, दहावीचे आणि आयटीआयचे मार्क धरून मेरिट लागतं आणि दहावीला ५० टक्के लागतात, म्हणून पोरांना सांगतो आयटीआयच्या मार्कांना हलकं घेऊ नका. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा असतात, नोकरीची हमी नाही पण दार उघडं राहतं.

आयटीआय केलं की पुढं शिक्षण बंद होतं का?

नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालात तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, तिथून इंजिनिअरिंगलाही. आणि बारावीचं म्हणाल तर, दोन वर्षांच्या आयटीआयसोबत बोर्डाचे भाषा विषय दिले की बारावी समकक्ष धरतात. आयटीआय चालू असतानाच याची चौकशी करून फॉर्म भरा, नाहीतर विद्युत सहायकसारखी जाहिरात निघते तेव्हा पोरगं अडकतं. एवढ्या दोन पेपरनं हातातली संधी गेलेली पोरं आमच्या गल्लीत आहेत.

पुण्याला पाठवावं का?

ट्रेड सोलापुरात मिळत असेल तर शिक्षण इथं, अप्रेंटिस पुण्यात, असं मी सांगतो. सोळा वर्षांचं पोरगं चाकणला कॉट बेसिसवर राहून, मेसचं खाऊन, दोन वर्षं शिकतं त्यात खर्चही होतो आणि लक्षही उडतं. अठराव्या वर्षी स्टायपेंड घेऊन गेलं की त्याला स्वतःचा खर्च भागवता येतो, सोबत चटणी-भाकरी बांधून द्या, हुतात्मा एक्सप्रेसनं सणाला येतंय परत. टूल अँड डाय मेकरसारखा ट्रेड हवा असेल आणि इथं नंबर लागला नाही तर मात्र जाऊ द्या, तो ट्रेड त्या लायकीचा आहे.

वय २८ आहे, लग्न झालंय, आता आयटीआय जमेल का?

किमान वय १४, वरची मर्यादा नाही. माझ्या बॅचला एक लूम कामगार होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रात्री लूमवर आणि दिवसा वर्गात. अडचण वयाची नसते, घर चालवायची असते. काही संस्थांत दुसरी शिफ्ट असते, ती विचारा.

कागदपत्रं काय लागतात?

दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला, ओबीसी वगैरेंना नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, फोटो, आणि आधार जोडलेलं बँक खातं पोराच्या नावावर. रिझल्ट लागल्यावर सेतूत एवढी गर्दी होते की दाखला हातात येईपर्यंत पहिली फेरी निघून जाते, तेव्हा हे मे महिन्यातच काढून ठेवा. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते बघा, आपल्याकडं तेलुगू-कन्नड आडनावांचं स्पेलिंग शाळेत एक आणि आधारला दुसरं असतं, आणि पुढं सर्टिफिकेट, अप्रेंटिसचं पोर्टल, पीएफ सगळीकडं तेच अडतं.